अडीच फूट पलीकडची भिंत : जुळे सोलापुरातलं एक प्रकरण

मे २०२४ मधली दुपार होती. गुरुजींचा फोन आला. "अरे, कंपाउंड पडलं. खाली एक बाई सापडली. तू ये." एवढंच बोलले आणि फोन ठेवला. या माणसानं मला चौथीत पाढे आणि शुद्धलेखन शिकवलं. त्यांचा आवाज असा कापताना मी कधी ऐकला नव्हता.

मी सोलापुरात घरांचे नकाशे काढतो, महापालिकेत मंजुरीला टाकतो आणि अधूनमधून मूल्यांकनाचं काम करतो. कंपाउंडचे वाद माझ्याकडं महिन्याला एक तरी येतात. पण हद्द, दुखापत आणि विमा हे तिन्ही एकाच भिंतीत अडकलेलं प्रकरण मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. दोन्ही घरांची आणि त्या मावशींची परवानगी घेऊन ते नावांशिवाय मांडतो आहे.

जागा आणि भिंत

विजापूर रस्त्याकडच्या एका जुन्या ले-आउटमधले हे दोन लागून प्लॉट, प्रत्येकी ३० बाय ५० फूट. पश्चिमेचा गुरुजींचा. पूर्वेचा पुण्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचा, तो कित्येक वर्षं मोकळाच पडून होता. गुरुजींनी २०१५ च्या दिवाळीत कंपाउंड बांधलं. मोजणी केली नाही. हद्दीचा दगड रस्त्याच्या कडेला जागेवर होता, मागचा मात्र सापडेना. मागच्या कोपऱ्यात एक कडुलिंबाचं झाड आहे. मिस्त्रीनं दोरी त्या झाडाच्या पलीकडून घेतली, झाड गुरुजींच्या अंगणात आलं आणि सगळे खूश झाले.

त्यामुळं ४८ फूट लांबीची ती भिंत रस्त्याला बरोबर आणि मागे अडीच फूट शेजाऱ्याच्या जागेत, अशी तिरकी उभी राहिली. त्रिकोणी पट्टी धरली तर ६० चौरस फूट. जागा एवढीशीच. भिंतीच्या अंगची दुखणी मात्र बरीच होती, आणि ती समजल्याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही.

मूळ भिंत पाच फुटांची, सहा इंची सिमेंट ब्लॉकची. पाया दीड फूट, तोही काळ्या मातीतच, मुरुमापर्यंत गेलेला नाही. अख्ख्या ४८ फुटांत एकही कॉलम नाही. पुढं कॉलनीत चोरी झाली म्हणून २०१९ मध्ये तिच्यावर आणखी दोन फूट चढवले. त्याच सुमारास गुरुजींनी बागेसाठी आपल्या बाजूला दीड फूट मातीचा भराव टाकला. इथं त्या भिंतीचं काम बदललं. कुंपण म्हणून बांधलेली भिंत आता माती अडवून धरत होती, म्हणजे रिटेनिंग वॉल झाली होती, आणि पाणी बाहेर पडायला तिला एकही भोक नव्हतं.

सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीच्या बुडाशी अशा भेगा होत्याच. बागेचं पाणी रोज त्यात मुरत होतं. आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला, वारंही होतं. माती फुगली, भराव जड झाला, त्यानं भिंतीला पूर्वेकडं रेटलं.

आता शेजारी. त्यांनी घर बांधायला काढलं होतं, नकाशा मंजूर होता. त्यांच्या इंजिनिअरला मागच्या बाजूला रुंदी साडेसत्तावीस फूटच भरली, म्हणून एप्रिलमध्ये मोजणीचा अर्ज टाकला. त्याच महिन्यात त्यांनी गुरुजींना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला : "गुरुजी, भिंत आमच्याकडं कललीय, बघून घ्या." गुरुजींचं उत्तर होतं, "पावसाआधी बघतो."

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला सर्वात जड कागद हाच आहे, आणि तो कागदसुद्धा नाही.

दुपारी अडीचच्या सुमाराला त्या भिंतीची पूर्वेला चारेक फूट सावली पडते. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर दुसरी सावली नव्हतीच. अक्कलकोट तालुक्यातून आलेल्या, बिगारी काम करणाऱ्या मावशी भाकरी खाऊन तिथं टेकल्या होत्या. मधला पंधरा-सोळा फुटांचा तुकडा एकदम आला. उजव्या मांडीचं हाड मोडलं, गुडघ्याला मार बसला. शेजाऱ्यांचं घर बांधणाऱ्या ठेकेदाराची मोटारसायकल चेपली. सिव्हिल हॉस्पिटलला ऑपरेशन करून रॉड घातला.

जबाबदारी कुणाची

पहिल्या दोन दिवसांत मी चार वेगवेगळी उत्तरं ऐकली. गुरुजींचा भाचा म्हणाला, निसर्गाचा कोप, कुणाचाच दोष नाही. ठेकेदार म्हणाला, भिंत त्यांची, त्यांनी निस्तरावं. गुरुजी स्वतः म्हणाले, मिस्त्रीनं दोरी चुकीची धरली. शेजारी म्हणाले, मी तर सांगितलं होतं.

निसर्गाचा कोप हा बचाव इथं टिकत नाही. अनपेक्षित, कुणालाही न अडवता येणारी घटना असेल तरच कायदा त्याकडं बघतो. सोलापुरात मे महिन्यात वळीव येतोच, दरवर्षी येतो. ज्या पावसाची आपण वाट बघतो तो अनपेक्षित कसा?

भिंतीच्या मालकाची जबाबदारी आपल्याकडं नवी नाही. दिल्लीत चांदणी चौकातला नगरभवनासमोरचा घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसं मेली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९६६ मध्ये निकाली निघालं. बांधकाम ८० वर्षांचं, त्यातल्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. न्यायालयानं म्हटलं, रस्त्यालगतच्या इमारतीची काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, दोष वरून दिसणारा असो वा लपलेला. आणि अशा प्रसंगी मनोरा पडला हीच गोष्ट निष्काळजीपणाकडं बोट दाखवते, उलट सिद्ध करायचं ते मालकानं. गुरुजींची भिंत हमरस्त्यालगत नव्हती, हे खरं. पण ज्याच्या ताब्यात बांधकाम आहे त्यानं त्याची निगा राखायची, हे सूत्र इथंही लागू पडतं. वर कललेल्या भिंतीचा फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये होता.

उंचीचा मुद्दा वेगळाच. महाराष्ट्राच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत भरीव कंपाउंडची उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट धरली आहे. वरचा ९० सेंटिमीटर भाग जाळीदार ठेवला तर २.४ मीटरपर्यंत जाता येतं. सात फूट सलग भरीव भिंत नियमातच बसत नाही. नियम मोडून चढवलेले दोन फूट कुणाच्या अंगावर आले की न्यायालयात बोलायला फार काही उरत नाही.

मिस्त्रीचं म्हणाल तर, त्याच्याकडून गुरुजी पुढं वसूल करू शकले असते कदाचित. मावशींपुढं मात्र ते उत्तर चालत नाही.

पोलिसांनी हॉस्पिटलमध्ये येऊन जबाब घेतला. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापत. तेव्हा भारतीय दंड संहिता चालू होती, तिच्या कलम ३३८ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम १२५ मध्ये ती मुदत तीन वर्षांपर्यंत गेली आहे. निवृत्त शिक्षकाच्या घरी हे आकडे ऐकल्यावर रात्रीचा स्वयंपाक झाला नाही. काकूंनी देवापुढं दिवा लावला आणि तिथंच बसून राहिल्या. मावशींनी तक्रार पुढं नेली नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की घरातली मिळवती मीच आहे, पोरीची शाळा आहे, माझे रोज कोण देणार.

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, आणि त्यावर सुरुवातीला कुणीच बोलत नव्हतं. ठेकेदार गुरुजींकडं बोट दाखवत होता, गुरुजींचे लोक ठेकेदाराकडं. खरं तर तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात याचं सरळ उत्तर होतं. कामाच्या ओघात अपघात झाला की मालकानं, म्हणजे इथं ठेकेदारानं, भरपाई द्यायची. चूक कुणाची हे बघायचं नाही. जेवणाच्या सुट्टीत साइटवरच टेकलेली बाई कामाबाहेर होती असं म्हणता येत नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही त्यानंच द्यायचा. मग कलम १३ खाली तो ज्याच्या दोषानं अपघात झाला त्याच्याकडून, म्हणजे गुरुजींकडून, वसूल करू शकतो. थोडक्यात, आधी बाईला मिळावं आणि भांडण मागून चालू द्यावं, अशी ती रचना आहे.

मात्र त्या कायद्यानं मिळणारी रक्कम तोकडी असते. मावशींचा रोज चारशे. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०,४०० रुपये. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे २,६००. पाच महिने घरी बसल्या तर २६,००० रुपये, आणि बुडालेली मजुरी ५२,०००. उरलेल्यासाठी दिवाणी दावा लावावा, तर दिवाणी दावा लावला की या कायद्याखालचं दार बंद होतं. एकाच दुखापतीसाठी दोन्ही दारं ठोठावता येत नाहीत. रॉड घातलेल्या पायानं कुठलं दार निवडायचं, हे ठरवायला त्या बाईला वकील कुठून मिळणार होता?

विम्याचा कागद

गुरुजींची लेक टेक्सासमध्ये असते. तिनं त्याच रात्री सांगितलं, "बाबा, घराचा विमा आहे ना? त्यांना कळवा, ते सगळं बघतील." तिचं तिथल्या हिशेबानं बरोबर होतं. अमेरिकेत घरमालकाच्या नेहमीच्या पॉलिसीत घराबरोबर वैयक्तिक जबाबदारीचा वेगळा भाग असतो. आपल्या निष्काळजीपणानं परक्याला इजा झाली तर भरपाई आणि वकिलाचा खर्चही त्यातून मिळतो. कुंपण तिथं 'इतर बांधकामं' या भागात बसतं. पण तिथंसुद्धा जमीन कुणाची हा वाद त्या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी मालकीहक्काचा विमा वेगळा असतो, आणि मोजणी केली तरच दिसल्या असत्या अशा हद्दीच्या चुका त्यातूनही बऱ्याचदा वगळलेल्या असतात.

गुरुजींकडं होती ती भारत गृह रक्षा. वरच्या मजल्यासाठी कर्ज काढलं तेव्हा बँकेनं सोबत लावून दिलेली. पॉलिसी त्यांनी कधी वाचली नव्हती, मूळ कागद बँकेतच होता. दोन दिवसांनी तो आणला आणि आम्ही दोघांनी तो चौथीच्या धड्यासारखा ओळीवर बोट ठेवून वाचला.

ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एकाच मसुद्यात देणं बंधनकारक झालं, आणि ती खरोखर चांगली आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल हे सगळं त्यात आहे. घराच्या व्याख्येत त्याच जागेवरचं कंपाउंड, कुंपण, फाटक, रिटेनिंग वॉल, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल येतात. हे वाचून गुरुजींचा चेहरा उजळला. मग पुढची पानं आली. परक्याला झालेल्या इजेबद्दल त्यात एक ओळही नाही. अपघाती मृत्यूचं ऐच्छिक संरक्षण आहे, तेही विमाधारक आणि जोडीदारापुरतं. ही पॉलिसी आपल्या वस्तूचं नुकसान भरते. आपल्या वस्तूनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान तिच्या कक्षेतच नाही.

"मग तसा विमा मिळतच नाही का?" गुरुजींनी विचारलं. मिळतो. घरगुती पॅकेज पॉलिसींत सार्वजनिक दायित्वाचा भाग जोडून घेता येतो, हप्ता थोडा वाढतो. आपल्याकडं तो फारसं कुणी विचारत नाही आणि एजंटही आपणहून काढत नाहीत. भाच्यानं मध्येच सार्वजनिक दायित्व विमा कायदा १९९१ शोधून आणला. नाव तेच, पण भोपाळनंतर आलेला तो कायदा धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आहे. त्याचा कंपाउंडशी संबंध नाही.

राहिला पडलेल्या भिंतीचा दावा. तो टाकला. सर्वेक्षक आले, फोटो काढले, पाया उकरून बघितला. आक्षेप दोन निघाले. एक, भिंत वादळानं पडली की भरावानं? जमीन खचण्याचं संरक्षण पॉलिसीत आहे, पण भराव टाकलेल्या जमिनीची हालचाल आणि सदोष बांधकाम त्यातून स्पष्टपणे वगळलं आहे. शेजारच्या प्लॉटवरचा सिमेंटच्या पोत्यांवर टाकलेला पत्रा त्या वाऱ्यात हललासुद्धा नव्हता. दुसरा आक्षेप, ही भिंत तुमच्या जागेवर आहे हे दाखवा.

तीन ठिकाणी तीन उत्तरं

या दुसऱ्या आक्षेपापाशी सगळं प्रकरण येऊन थांबलं. तोवर घरात तीन वेगवेगळी म्हणणी तयार झाली होती. भाचा सांगत होता, इतकी वर्षं कब्जा आहे, जागा आपलीच झाली. मावशींच्या बाबतीत काही नातेवाईक सुचवत होते, अपघात शेजाऱ्याच्या जागेत झाला, आपला काय संबंध. आणि विमा कंपनीला सांगायचं होतं की भिंत आमच्याच प्लॉटवर आहे.

मी गुरुजींना म्हटलं, ही तिन्ही वाक्यं एकाच माणसाला बोलता येणार नाहीत. जागेवर हक्क सांगाल तर ताबा आणि नियंत्रण तुमचंच होतं हे तुम्हीच लिहून देताय, मग दुखापतीतून सुटका कशी? आणि हक्क सांगितला नाहीत तरी भिंत तुमचीच आहे. जमीन दुसऱ्याची निघाली म्हणून भिंत दुसऱ्याची होत नाही. उलट परक्याच्या जागेत बांधकाम ठेवणं हा रोज चालू राहणारा वेगळा दोष आहे.

कब्जेहक्काचं म्हणाल तर मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ६५. मालकानं १२ वर्षं दावा केला नाही तर त्याचा हक्क संपतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर असा कब्जेदार स्वतःही दावा लावू शकतो. पण २०१५ ची दिवाळी ते २०२४ चा मे म्हणजे साडेआठ वर्षं. शिवाय नुसती वर्षं पुरत नाहीत. मालकाविरुद्ध, उघडपणे, आपला हक्क म्हणून धरलेला कब्जा लागतो. गुरुजी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होते की मिस्त्रीची चूक झाली. चूकही आणि हक्कही, हे एका पाटावर बसत नाही.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे खरं एकच आहे. भिंत माझी, जागा त्यांची." त्यांच्या तोंडून हे निघालं तेव्हा मला माझ्या गुरुजींचा फार अभिमान वाटला.

जूनमध्ये भूमी अभिलेखचे भूकरमापक आले. लगतधारक म्हणून गुरुजींना नोटीस होती, ते उभे राहिले, सही केली. मागच्या कोपऱ्यात अडीच फूट, नकाशावर तसंच उतरलं. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. गुरुजींनी मागितली नाही. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्यावर विमा कंपनीनं भिंतीचा दावा नाकारला. विमा लोकपालाकडं जाता आलं असतं, पण मी नको म्हटलं. तिथं जिंकायचं तर भिंत आपल्या जागेवर होती असं म्हणावं लागलं असतं आणि सही केलेला नकाशा उलटं सांगत होता.

तोडगा

शेजारी भले निघाले, हे मान्य करायला हवं. दिवाणी न्यायालयात गेलो असतो तर कोर्ट कमिशनरची मोजणी, भिंत काढण्याचा हुकूम आणि तारखा यातच गुरुजींची उरलेली वर्षं गेली असती. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत तडजोड नोंदवली. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. मजुरीच्या भरपाईचा ठेकेदाराशी झालेला करार वेगळा ठेवून नुकसानभरपाई आयुक्ताकडं नोंदवला, आणि पायाला कायमचं अपंगत्व ठरलं तर त्यापोटीचा हक्क त्यात उघडा ठेवायला लावला. यावर मी अडून बसलो होतो.

ठेकेदारानं कायद्याप्रमाणे २६,००० दिले. उपचार, औषधं, फिजिओथेरपी आणि जाण्यायेण्याचे ६८,००० गुरुजींनी दिले. मजुरीतले उरलेले २६,००० आणि पायासाठी म्हणून वेगळे ४०,००० हेही त्यांनीच. मोटारसायकलचे १४,०००, राडारोडा उचलण्याचे ९,०००. नवी भिंत हद्दीवर दोघांच्या अर्ध्या खर्चात, गुरुजींच्या वाट्याला ७३,०००. एकूण दोन लाख तीस हजार, सगळे खिशातून, काही हप्त्यानं.

नवी भिंत पाच फुटांची आहे. पाया मुरुमापर्यंत, दर दहा फुटांवर कॉलम, खाली प्लिंथ बीम, भराव काढून टाकला तरी पाणी जायला भोकं ठेवली. लिंबाचं झाड मोजणीत शेजाऱ्यांकडं गेलं. त्यांनी ते तोडलं नाही. बुंध्याजवळच्या सहा फुटांत भिंतीऐवजी जाळी आहे, मुळांना धक्का नको म्हणून. काकू अजूनही चैत्रात त्या जाळीतून हात घालून गुढीसाठी डहाळी तोडतात.

यंदा पॉलिसीचं नूतनीकरण करताना गुरुजींनी मला बोलावलं. सार्वजनिक दायित्वाचा भाग जोडून घेतला आणि अर्जासोबत 'क' प्रतीची झेरॉक्स लावली. एजंट म्हणाला, याची गरज नसते. गुरुजी म्हणाले, "लावा की."

मावशी पुन्हा कामावर येतात, पण डोक्यावर पाटी घेऊन वर चढायचं काम त्यांना देत नाहीत. गुडघा पुरता वाकत नाही, चुलीपुढं बसता येत नाही. शेवटचा हप्ता द्यायला गुरुजी एसटीनं त्यांच्या गावी गेले होते. परत येताना मावशींनी त्यांना कागदात बांधून शेंगा दिल्या. त्या त्यांनी मला आणून दिल्या आणि पंगतीला वाढावं तसं म्हणाले, "अर्ध्या तुझ्या."